टोपीचा टंच

आमच्या थोरल्या आज्जीच्या ट्रंकेत एक गरुड होता. बोटभर रुंद, पंख पसरलेला, पायात पानांचं गोल कडं आणि कड्यात स्वस्तिक. दिवाळीला आज्जी तो बाहेर काढायची, चिंचेनं घासायची, देव्हाऱ्यात ठेवून कुंकवाचं बोट लावायची. पाडवा झाला की गरुड पुन्हा चिंधीत आणि चिंधी ट्रंकेत. "ह्यांनी इटलीसनं आणल्याला हाय. रुप्याचा हाय," असं ती येईल त्याला सांगायची.

1972 चा दुष्काळ आटपाडीनं कसा काढला हे ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. त्या साली माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, सेलमच्या दुकानातून गावी आले होते. आज्जीनं गरुड त्यांच्यापुढं ठेवला. "ह्येचं काय येतंय बघ. चार पायल्या जोंधळं तरी येतील." अण्णांनी तो तळहातावर घेतला, जरासा वरखाली केला. तराजू काढलासुद्धा नाही.

"थोरल्या आई, ह्ये रुपं न्हवं. जर्मन हाय."

आमच्याकडं जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. तेवढ्याच आकाराचा चांदीचा तुकडा चौपट जड लागला असता. गलाईवाल्याच्या हाताला ते लगेच कळतं. आज्जी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठिवा तसाच. त्येंच्या हातचा हाय."

मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. अण्णा धातूबद्दल बोलत होते. ते दुसऱ्या अर्थानंही बरोबर होते, हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

गरुडाची टोपी

आटपाडी, खानापूर, विटा हा पावसानं टाकलेला पट्टा. इथली माणसं पोटासाठी बाहेर पडली ती गलाईचं काम शिकून. मोडीचं सोनं-चांदी मुशीत आटवायची, तेजाबानं हीण वेगळं करायचं, उरलेल्याचा टंच, म्हणजे शुद्धता किती, ते सांगायचं, असा हा धंदा. आज देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफकट्ट्यावर गेलात तर मागच्या गल्लीत आमच्या भागातला माणूस भेटतो. मी तसाच कोइमतूरला गेलो. 2000 साली तिथल्या रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत एक सचित्र इंग्रजी पुस्तक हाती लागलं. पान उलटलं आणि समोर आज्जीचा गरुड. फक्त तो ट्रंकेत नव्हता, एका टोपीवर होता. खाली लिहिलं होतं: जर्मन लष्कर, दुसरं महायुद्ध.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आज्जीनं ज्याला कुंकू लावलं ते हिटलरच्या सैन्याचं चिन्ह होतं. आपलं स्वस्तिक सरळ बसलेलं असतं, चार टिंबांसकट. ते बिल्ल्यावरचं कोनावर उभं केलेलं, तिरकं. एवढा फरक आज्जीला कोण सांगणार? पण त्याचबरोबर दुसरा एक प्रश्न डोक्यात बसला. गरुड घरी आला, मग त्याची टोपी कुठं राहिली? माझा छंद या प्रश्नातून सुरू झाला. गावात अजूनही म्हणतात, "सोन्याचं सोडून ह्यो टोप्या गोळा करतोय."

तिची रचना

जर्मन भाषेत या टोपीला शिर्मम्युत्से म्हणतात, म्हणजे पुढं छज्जा असलेली टोपी. आपल्या फौजदाराची पीक कॅप हिच्याच कुळातली. टोप्यांवरून माणसं ओळखण्याची सवय आपल्यालाही जुनीच आहे. युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांना मराठीत नावच टोपीकर पडलं होतं, आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या टोपीकरांपासून सावध राहायला सांगितलं आहे.

टोपीचा वरचा भाग करड्या-हिरवट लोकरी कापडाचा, पुढून उंच आणि मागं उतरता. त्याखाली डोक्याभोवती गडद हिरवी पट्टी. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेला आणि वरच्या भागाच्या कडेला रंगीत गोट, ज्याला शिंपी आता पायपिंग म्हणतात. पुढं काळा चकचकीत छज्जा; तो चामड्यासारखा दिसतो, पण बहुतेक वेळा दाबून कडक केलेल्या कागदी तंतूंचा असतो. पट्टीवर मध्यभागी ओकच्या पानांचं कडं आणि त्यात काळा-पांढरा-लाल बिल्ला. त्याच्या वर गरुड. सैन्याच्या गणवेशावर हा गरुड 1934 साली आला, हिटलर सत्तेवर आल्यानंतर साधारण वर्षभरानं.

साध्या शिपायाच्या टोपीवर छज्ज्याच्या वर काळा चामडी पट्टा असतो. अधिकाऱ्याच्या टोपीवर त्या जागी चंदेरी दोरी आणि जनरलच्या टोपीवर सोनेरी. गोटाचा रंग दळाप्रमाणे बदलतो: पायदळ पांढरा, तोफखाना लाल, घोडदळ सोनेरी पिवळा, संदेशवहन लिंबासारखा पिवळा, डोंगरी सैनिक फिकट हिरवा, सुरुंगवाले काळा. आणि रणगाडेवाले गुलाबी. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण या गुलाबी रंगाला हसतो. गोळा करणारे मात्र गुलाबी गोट दिसला की पाकीट चाचपतात, कारण रणगाड्यांचं नाव मोठं आणि भाव त्याहून मोठा.

शिपायाला टोपी सरकारातून मिळे. अधिकारी स्वतःची टोपी स्वतः विकत घेई, त्यामुळं टोपीवाल्यांत चढाओढ होती. बर्लिनच्या रॉबर्ट लुबस्टाईन यांनी आपल्या नावाच्या आद्याक्षरांवरून मालाला 'एरेल' हे नाव दिलं. आजही या नावाच्या टोपीला वेगळा भाव पडतो. 'पेक्युरो' हे तसंच दुसरं नाव. ही नावं टोपीच्या आत, रेशमी अस्तरावर, शंकरपाळीच्या आकाराच्या पारदर्शक तुकड्याखाली असतात. तो तुकडा सेल्युलॉईडचा, घामानं अस्तर खराब होऊ नये म्हणून शिवलेला. अस्तराखाली चामड्याची घामपट्टी आणि तिच्यावर डोक्याच्या घेराचा आकडा सेंटिमीटरमध्ये: 56, 57, 58. तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा नकळत मी माझ्या डोक्याला टेप लावली. 57 भरलं. अंगावर काटा आला.

मला टोपी घातली

मराठीत फसवण्याला टोपी घालणं म्हणतात. माझ्या बाबतीत ते शब्दशः झालं.

2001 मध्ये दक्षिणेतल्या एका शहराच्या रविवारच्या जुन्या बाजारात एका माणसानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी दाखवली. गुलाबी गोट, चंदेरी दोरी, गरुड. म्हणाला, मद्रासच्या एका गोऱ्या साहेबाच्या घरातली. मी महिन्याची अर्धी कमाई मोजली आणि बसमध्ये टोपी मांडीवर घेऊन आलो, नव्या सुनेला आणावी तशी.

दुकानाच्या गल्ल्यावर नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा दिवा होता. रात्री दुकान आवरताना टोपी सहज त्याच्याखाली गेली. शिवणीचे दोरे एकदम निळेपांढरे पेटले, नवरात्रातल्या माळेसारखे. मी खुर्चीत बसलो. आई पांढऱ्या कपड्यांना टिनोपॉल घालायची, ते आठवलं. कापड शुभ्र दिसावं म्हणून घालतात त्या चमक देणाऱ्या रसायनांचा वापर सर्रास सुरू झाला तो युद्धानंतर. 1940 च्या दोऱ्यात ती सहसा नसतात.

दुसऱ्या दिवशी मी वरच्या कापडाचा एक दोरा काढून काडीवर धरला. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं. आमच्याकडं मेंढरं आहेत, घोंगडी विणणारे सणगर आहेत. घोंगड्यात भेसळ आहे का हे बघायला म्हातारी माणसं असाच दोरा जाळतात. माझा दोरा जळला नाही. तो आक्रसला आणि त्याचा कडक मणी झाला. नायलॉन. टोपी बहुधा सिनेमासाठी किंवा नाटकासाठी शिवलेली असावी, आणि पुढं कुणीतरी तिला साहेबाच्या घरात नेऊन बसवली.

या परीक्षांना मर्यादा आहेत, तेही सांगतो. खरी टोपी कुणी नंतर आजच्या पावडरीनं धुतली तर तीही दिव्याखाली चमकते. जुनं कापड आणि जुना दोरा मिळवून नवी टोपी शिवणारे कारागीर जगात आहेत, त्यांची टोपी चमकत नाही. म्हणून एका परीक्षेवर निकाल द्यायचा नाही. सोन्यातही आम्ही आधी कसोटीवर घासतो, मग तेजाब लावतो, मग आटवून बघतो.

धातू खोटं बोलत नाही

पहिली खरी टोपी 2006 साली मिळाली. कोइमतूरहून घाट चढून वर गेलं की कुन्नूर. तिथल्या एका जुन्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं होतं. जेवणाच्या टेबलाखाली टोप्यांची पुठ्ठ्याची पेटी, त्यात स्त्रियांच्या तीन हॅट आणि चौथी ही. पांढरा गोट, काळा चामडी पट्टा; म्हणजे पायदळातल्या कुणा साध्या शिपायाची. घामपट्टी वाळून कडक झालेली. सेल्युलॉईड पिवळं पडून चिरलेलं, नाकाशी नेलं तर अगदी पुसटसा कापराचा वास. कारण सेल्युलॉईड बनवतानाच त्यात कापूर घालतात. अस्तरावर शाईनं मालकाचं नाव लिहिलेलं होतं. घामानं ते फुटलंय. आडनावाची पहिली दोन अक्षरं तेवढी लागतात.

मी गरुड उलटा करून पाहिला आणि मग पाण्यात वजन केलं. आपल्या सराफांकडची टंच मशीन सोन्या-चांदीला बरी, पण ॲल्युमिनियम तिला धड दिसत नाही. तिथं जुनीच रीत खरी: एकदा हवेत तोलायचं, एकदा दोऱ्याला बांधून पाण्यात, आणि भागाकार करायचा. उत्तर आलं 2.7 च्या आसपास. ॲल्युमिनियम. आज्जीच्या गरुडाचंही उत्तर तेच.

दुसरी टोपी 2014 मध्ये परदेशातल्या लिलावातून आली. तिचा गरुड पाण्यात तोलला तेव्हा उत्तर सातच्या वर गेलं. जस्त. वरचा चंदेरी मुलामा उडालेला, खाली राखाडी गदळ रंग. अभ्यास केल्यावर त्याचं कारण कळलं, आणि खरं सांगतो, या छंदातली मला आवडलेली गोष्ट हीच.

सुरुवातीच्या टोप्यांचे बिल्ले बहुतेक निकेल, तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असत. आपल्या भांडीबाजारात त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. युद्धाची तयारी वाढली तसा निकेल पोलादासाठी लागू लागला, कारण चिलखती पत्र्याला तो हवा. मग बिल्ले ॲल्युमिनियमचे आले. पुढं ॲल्युमिनियम विमानांना कमी पडू लागलं, तेव्हा उरलं जस्त. म्हणजे टोपीवरच्या अर्ध्या तोळ्याच्या गरुडात अख्ख्या युद्धाचा जमाखर्च मांडलेला आहे. सभेत हिटलर काय ओरडत होता ते सोडा. बिल्ल्यात हीण वाढत चाललं होतं. घराची परिस्थिती उतरली की बाईच्या गळ्यातलं सोनं जाऊन पितळ येतं, ते आम्ही गलाईवाले रोज बघतो. राष्ट्रांचंही तसंच असतं.

थोरले आबा कुठं होते

थोरले आबा, म्हणजे थोरल्या आज्जीचे नवरे, मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते, जिला जंगी पलटण म्हणतात. ही पलटण आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती. डिव्हिजन सप्टेंबर 1943 मध्ये इटलीच्या टाचेवरच्या टारांटो बंदरात उतरली आणि पुढची दीड वर्षं नदी ओलांड, डोंगर चढ, पुन्हा नदी ओलांड असं करत उत्तरेकडं गेली. सांग्रो नदी, कॅसिनोचा परिसर, शेवटी सेनिओ नदी. तिथं 9 एप्रिल 1945 ला याच पलटणीतल्या शिपाई नामदेव जाधवांनी जखमी झालेल्या कंपनी कमांडरला आणि दुसऱ्या एका जखमीला खोल पाण्यातून, सुरुंगांतून मागं आणलं. मग एकट्यानं मशीनगनची तीन ठाणी मोडली आणि बांधावर चढून युद्धगर्जना करत मागच्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे.

त्याच्या आदल्या वर्षी, 10 जुलै 1944 ला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात तिसऱ्या पलटणीतले नाईक यशवंत घाडगे एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ते माणगाव तालुक्यातले. त्यांची कबर नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. इटलीतल्या मोंतोने गावात 2023 साली त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

आता गरुडाचा प्रश्न. मोर्च्यात जर्मन सैनिक पोलादी शिरस्त्राण किंवा मऊ फील्ड कॅप घालत. ही रुबाबदार पीक कॅप कचेरीची, संचलनाची, सुट्टीत गावात फिरायची. त्यामुळं थोरल्या आबांनी गरुड समोरासमोरच्या झुंजीत मिळवला असं मी सांगत नाही, गावात तसं सांगितलं जात असलं तरी. इटलीतल्या जर्मन सैन्यानं 2 मे 1945 ला शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर टोप्या, बिल्ले, पट्ट्यांची बक्कलं सिगारेटींच्या बदल्यात हातोहात फिरत होती. आमचा गरुड तसाच आला असणार. थोरले आबा त्याबद्दल बोलत नसत. ते इटलीबद्दल एवढंच सांगायचे, की तिथल्या बायका आपल्यासारख्याच डोक्यावर भारा घेऊन चालतात.

आटपाडीतला पोलंडचा माणूस

माझ्या पुतण्यानं एकदा ती कुन्नूरची टोपी डोक्यावर घातली आणि मोबाईल वर धरला. मी टोपी काढून घेतली. "काका, नुसता फोटो काढतोय की," तो म्हणाला. त्याचा राग आला नाही. आपल्याकडं रस्त्यावरच्या पुस्तकांत हिटलरचं आत्मचरित्र सर्रास दिसतं, आणि शिस्तीचा माणूस म्हणून त्याचं नाव घेणारे पारावर भेटतात. मी पोराला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि स्वतंत्रपूरला नेलं.

स्वतंत्रपूर आटपाडीपासून जवळच आहे. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः मोठे संग्राहक. औंधचं संग्रहालय त्यांनीच 1938 मध्ये उभं केलं, आणि तिथं राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं मायलेकराचं शिल्पही आहे. या राजानं 1939 साली आपला अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना आणली. तिच्या मसुद्यात गांधीजींचं मार्गदर्शन होतं. त्याच सुमारास आटपाडीजवळ भिंती नसलेला तुरुंग वसवला गेला. खुनाची शिक्षा झालेले कैदी बायकापोरांसह तिथं शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा व्ही. शांताराम यांचा 1957 चा चित्रपट याच प्रयोगावर आहे, आणि तो लिहिला आमच्याच माडगूळच्या ग. दि. माडगूळकरांनी.

एवढं आमच्या शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण या सगळ्यामागं मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश ज्यू इंजिनिअर होता, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. वॉर्सात वाढलेला, बंगळूरच्या कारखान्यात काम करायला आलेला, मग गांधीजींकडं ओढला गेलेला. भारतानंद हे त्याचं इकडचं नाव. धनुष तकली ही सूत काढायची साधी युक्ती त्यानंच बसवली. पुढं मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठीतली प्रवचनं ऐकून त्यानंच ती इंग्रजीत आणली.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. इकडं माणदेशाच्या माळावर हा माणूस खुनी कैद्यांवर विश्वास टाकून बघत होता. तिकडं 1 सप्टेंबर 1939 ला जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं. महिना संपायच्या आत फ्रीडमनचं वॉर्सा पडलं. पोलंडमधल्या सुमारे तेहेतीस लाख ज्यूंपैकी तीस लाखांच्या आसपास युद्ध संपेपर्यंत मारले गेले.

संग्राहकांमध्ये एक सोयीची समजूत असते: वाईट काम हिटलरच्या पक्षाच्या, काळ्या गणवेशातल्या एसएसवाल्यांनी केलं, साधं सैन्य बिचारं हुकमाचं ताबेदार. जर्मनीतच 1995 पासून सैन्याच्या गुन्ह्यांवर एक प्रदर्शन गावोगाव फिरलं आणि ही समजूत मोडली. यशवंत घाडगे जिथं पडले त्या भागापासून जवळच्या चिवितेल्ला आणि आसपासच्या गावांत, त्यांच्या मृत्यूच्या अकरा दिवस आधी, 29 जूनला, जर्मन हवाई दलाच्या हर्मन गोरिंग डिव्हिजननं दोनशेहून अधिक गावकरी मारले. ते एसएस नव्हते.

हे सगळं मी पुतण्याला स्वतंत्रपूरच्या एका झाडाखाली सांगितलं. तो म्हणाला, "मग काका, ह्या टोप्या जाळून का नाही टाकत?" पोरानं बरोबर जागी बोट ठेवलं. मी त्याला धंद्यातली गोष्ट सांगितली. टंचाच्या कागदावर आम्ही फक्त सोनं किती एवढंच सांगितलं आणि हीण लपवलं तर तो कागद खोटा. हीण किती, तेही त्यातून कळलं पाहिजे. टोपी ठेवायची ती एवढ्यासाठीच. डोक्यावर घालायची नाही, भिंतीवर मिरवायची नाही. पेटीत ठेवायची आणि शेजारी चिठ्ठी: ही कुणाची, कुठली, आणि या टोपीखालच्या डोक्यांनी काय केलं.

विकत घेणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं जुनी असावी लागते. युद्धकाळातल्या टोप्या अजून त्यात बसत नाहीत. जर्मनीत मात्र हे स्वस्तिक चारचौघांत दाखवणं फौजदारी संहितेच्या कलम 86 अ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षण, संशोधन, कला यांना सूट आहे. म्हणून तिथल्या लिलावांच्या चित्रांत गरुडाचे पाय चिकटपट्टीनं झाकलेले दिसतात. इंटरनेटवरच्या बऱ्याच मोठ्या बाजारांनीही या वस्तू बंद केल्या आहेत.

तरीही कुणाला घ्यायचीच असेल तर माझा सल्ला: गोष्ट विकत घेऊ नका, टोपी विकत घ्या. "साहेबाच्या घरातली", "जनरलची", "बर्लिनहून आणलेली" या वाक्यांना शून्य किंमत द्या. छज्जा वाकवून बघू नका, तो मोडतो. गरुडाच्या मागचे काटे आणि कापडातली भोकं जुळतात का बघा. गरुड बदललेला असेल तर जुन्या भोकांशेजारी नवी सापडतात. आणि ज्या बिल्ल्यावर सगळीकडं सारखीच झीज आहे तो संशयानं बघा. खरी वस्तू हात लागतो तिथं झिजते, सगळीकडं नाही.

माझ्याकडं पंचवीस वर्षांत दोन खऱ्या टोप्या जमल्या आणि एक खोटी. खोटी दुकानात खिळ्याला आहे, पोरांनी हाताळावी म्हणून.

शेवटी एक विनंती, आणि ती टोप्यांबद्दल नाही.

सातारा-सांगलीच्या गावांतून दोन्ही महायुद्धांत माणसं गेली. साताऱ्याजवळचं एकटं आपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण परत आले नाहीत. जे परतले त्यांना पदकं मिळाली. पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं होतं, अडीच तोळ्यांच्या आसपास. 1980 च्या जानेवारीत जगभर चांदी भडकली तेव्हा अशी पदकं ठिकठिकाणी ढिगानं मुशीत गेली. आमच्या धंद्यातही गेली. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, भाता माझ्याकडं होता. किती पदकं आटवली ते मोजलं नाही. दुसऱ्या युद्धाची पदकं चांदीची नाहीत, मोडीत त्यांना भाव नाही, म्हणून ती भंगारात जातात.

भारतीय सैनिकांना दिलेल्या या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. जर्मन शिपायाचं नाव माझ्या टोपीच्या अस्तरात घामानं पुसलं गेलं. आपल्या माणसांची नावं धातूत आहेत, अजून वाचता येतात. घरात ट्रंक असेल तर उघडा. पदक सापडलं तर घासू नका. भिंग घ्या आणि उजेडात धरून कड वाचा. नाव वहीत लिहून ठेवा, आणि मगच ते कुणा गलाईवाल्याच्या हातात द्यायचं का ते ठरवा. माझ्याकडं आणलंत तर मी आधी कड वाचून दाखवीन.